डोंगराचा हिशेब

(नागपूर येथे विदर्भातील स्त्री कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

संयोजकांनी मला ‘डोंगराळ मुलखाची अर्थव्यवस्था आणि स्त्रिया’ हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती. अर्थशास्त्र पदवीच्या वर्गात शिकले तेवढेच. पण आपल्यातलीच एक जण मला म्हणाली, “मेळघाटात इतकी वर्षे तू काय पाहत होतीस? बाया कुठे राबतात, किती राबतात, काय खातात आणि पैसा कोणाच्या हातात पडतो, हेच ना? मग अर्थशास्त्र म्हणजे आणखी काय असते?” यावर मला उत्तर सुचले नाही. म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे.

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण आजचे सगळे बोलणे त्या चुकीतून निघाले आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वनहक्काचे दावे भरून घेण्यासाठी आम्ही कार्यकर्ते मेळघाटातल्या एका गावात घरोघर फिरत होतो. एका घरी नवरा-बायको दोघेही होते. अर्ज भरताना मी सगळे प्रश्न नवऱ्याला विचारले. जमीन किती, कधीपासून कसता, शेजारी कोण. बाई चुलीपुढे बसली होती. बांध कोणत्या साली घातला, पहिले पीक कोणते घेतले, हे तो विसरला की तीच तिथून आठवण करून देत होती. त्या अर्जात नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव लिहायला वेगळी जागा असते. दिवस मावळत आला होता, अजून चार घरे उरली होती. ती जागा मी ‘नंतर भरू’ म्हणून कोरी सोडली. आमच्या पाहणीच्या तक्त्यात तिच्या व्यवसायाच्या रकान्यात लिहिले, ‘घरकाम’. नंतर भरायचे ते राहूनच गेले. पट्टा झाला तो एकट्या नवऱ्याच्या नावावर.

पुढे तीन-चार वर्षांनी तो माणूस कामासाठी खाली मैदानात गेला आणि परत आलाच नाही. तिकडेच दुसरे घर केले. बाई आजही तीच जमीन कसते आहे. पण कागदावर जमीन त्याची. तिला पीककर्ज मिळत नाही. नुकसानभरपाई आली तर ती त्याच्या नावाने येते. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाई, लिहायला तूच आली होतीस ना? मी समोर बसली होती. मग मी कुठं आहे कागदात?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला एका अर्जापुरता वाटत नाही. डोंगराच्या साऱ्या हिशेबालाच तो विचारावा लागेल.

आपण घटकाभर अशी कल्पना करू, की मेळघाट हा एक वेगळा देश आहे. परतवाडा सोडले की घाट लागतो, तिथे त्याची वेस. धारणी आणि चिखलदरा हे त्याचे दोन प्रांत. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीन लाखांच्या आसपास. गावे तीनशेच्या वर. बहुसंख्य प्रजा कोरकू, त्यांच्याबरोबर गोंड, निहाल, गवळी, बलई. सगळ्यात उंच ठिकाण वैराट, ११७८ मीटर. सिपना, खापरा, गडगा या नद्या इथून उतरतात आणि तापीला मिळतात. शेती उताराची आणि पावसाच्या भरवशावरची. पूर्वी कोदो, कुटकी, ज्वारी घरात यायची. आता पुष्कळ शेतांत सोयाबीन दिसते, जे विकण्यासाठी असते, खाण्यासाठी नव्हे.

आता या देशाची निर्यात पाहा. साग जातो. तेंदूची पाने जातात. मोहफुले, डिंक, मध, चारोळी जाते. पाणी तर आपल्या पायांनीच खाली जाते. आणि सगळ्यात मोठी निर्यात माणसांची. दिवाळी झाली की गावेच्या गावे रिकामी होतात. अमरावती, अकोल्याकडे, नाहीतर मध्य प्रदेशातल्या शेतांवर हरभऱ्याच्या, गव्हाच्या सोंगणीला माणसे जातात. कोणी वीटभट्टीवर जाते. होळीला परत येतात, कारण कोरकूंचा मोठा सण होळीचा. तो झाला की पुन्हा निघतात. आयात म्हणाल तर तेल, मीठ, कापड, औषधे, रेशनचे धान्य, मोबाईलचे रिचार्ज. आणि आमच्यासारखे साहेब, डॉक्टर, कार्यकर्ते.

यातल्या एकाही वस्तूचा भाव डोंगरावर ठरत नाही. जे जाते त्याचा भाव खालचा व्यापारी ठरवतो आणि जे येते त्याचाही तोच ठरवतो.

अशा मुलखाला आपण काय म्हणतो? दुर्गम, मागास, अविकसित. सरकारी अहवालांत हे शब्द असतात, आपल्या संस्थांच्या प्रस्तावांतही असतात. मी स्वतः किती प्रस्तावांत ‘अतिदुर्गम’ लिहिले आहे ते मोजता येणार नाही. या शब्दाचा अर्थ असा होतो, की बाहेरच्या जगाचा इथे संबंध आलेला नाही, म्हणून इथे गरिबी आहे. हे खरे आहे का?

याचे उत्तर शोधायला मी तुम्हाला फार लांब नेणार आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे लेसोथो नावाचा देश आहे. आपल्या कल्पनेतल्या मेळघाटासारखा, पण खराखुरा. वस्ती वीस-बावीस लाख. संबंध देश डोंगराळ. त्याचा सगळ्यात सखल भागसुद्धा चिखलदऱ्याहून उंच. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका या एकाच देशाने वेढलेला. १९६६ साली तो इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. पुढे तिथे विकासाच्या योजना घेऊन परदेशी तज्ज्ञ गेले. जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० साली या योजनांवर एक पुस्तक लिहिले. त्याने दाखवले, की तज्ज्ञांचे अहवाल लेसोथोला परंपरागत, एकाकी शेतकऱ्यांचा देश म्हणत होते. प्रत्यक्षात तिथले पुरुष कित्येक पिढ्यांपासून दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरी करत होते. १९८० च्या दशकात एक लाखाहून जास्त पुरुष खाणींत होते आणि राष्ट्रीय उत्पन्नातला निम्म्याच्या आसपास वाटा त्यांच्या मजुरीचा होता. म्हणजे तो देश बाजारापासून तुटलेला नव्हताच. बाजाराला तो पुरता जोडलेला होता, फक्त मजूर पुरवणारा म्हणून. तो शेतकऱ्यांचा देश आहे असे एकदा लिहिले की औषध म्हणून बियाणे, खते आणि गुरांच्या जाती पाठवता येतात. खाणीत मजुरी किती मिळते, हा प्रश्न विचारावाच लागत नाही.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मेळघाट आला. इंग्रजांच्या काळात सातपुड्याचा साग खाली जाऊ लागला. जंगल राखीव झाले. जंगलखात्याला तोडणीसाठी, रस्त्यांसाठी मजूर हवे होते म्हणून वनग्रामे वसवली गेली. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प आला. पुढे गाभ्यातली काही गावे बाहेर हलवली गेली. दीडशे वर्षे खालचे जग या डोंगरात येते-जाते आहे. आणि आपण अजून म्हणतो, इथे जग पोचले नाही म्हणून गरिबी आहे.

आता लेसोथोच्या बायांकडे येऊ. पुरुष वर्षातले दहा-अकरा महिने खाणीत. मागे शेती, गुरे, मुले, म्हातारी माणसे, सगळे बायांवर. खाणीत फुफ्फुसे निकामी झालेला पुरुष घरी पाठवला जाई, तेव्हा त्याची शुश्रूषाही बाईच करी. खाणमालक मजुराला मजुरी देत होता ती तो धडधाकट असताना केलेल्या कामाची. त्याला लहानाचा मोठा कोणी केला, तो आजारी पडल्यावर कोणी सांभाळला, म्हातारपणी कोणी जेवू घातले, याचा एक पैसा त्याने दिला नाही. तो खर्च डोंगरातल्या बाईने आपल्या अंगावर घेतला. सोने स्वस्तात निघाले त्याचे हेही एक कारण आहे.

आणि पैसा? मजुरीचा मोठा भाग सक्तीने राखून ठेवला जाई आणि तो देशातल्या बँकेत जमा होई. खाते पुरुषाचे. शिवाय तिथल्या कायद्याने लग्न झालेली बाई अल्पवयीन मुलासारखी मानली जाई. नवऱ्याच्या संमतीवाचून तिला कर्ज काढता येत नसे, करार करता येत नसे. घर चालवणारी ती, पण कायद्याच्या दृष्टीने अज्ञान बालक. हा कायदा बदलायला २००६ साल उजाडावे लागले.

१९९० नंतर खाणींतून पुरुषांची कपात सुरू झाली. मग तयार कपड्यांचे कारखाने आले आणि त्यांत हजारो बाया लागल्या. अमेरिकेने २००० साली आफ्रिकी देशांच्या मालाला जकातीत सवलत दिली, म्हणून हे कारखाने वाढले. बाईच्या हातात प्रथमच पगार आला, ही मोठीच गोष्ट झाली. पण पुढचे ऐका. त्या कारखान्यांत काम टिकवण्यासाठी, कंत्राट पुढे चालू राहण्यासाठी मुकादम बायांकडून शरीराची मागणी करत, हे उघडकीला आले. कामगार संघटना आणि स्त्री संघटना एकत्र आल्या आणि २०१९ मध्ये कारखानदार आणि परदेशी कंपन्या यांच्याशी त्यांनी करार केले, की अशा तक्रारींची चौकशी मालकापासून स्वतंत्र अशी यंत्रणा करील. हा आपल्यासारख्या बायांनी मिळवलेला विजय आहे. तो आपल्याला माहीत असायला हवा.

मग २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने या लहानशा देशाच्या मालावर ५० टक्के जकात जाहीर केली. ऑगस्टमध्ये ती १५ टक्क्यांवर आणली, पण मधल्या काळात मागण्या थांबल्या आणि बायांची कामे गेली. एका दूरच्या राजधानीत एक आकडा बदलतो आणि डोंगरातल्या घराची चूल विझते.

लेसोथो पाणीही विकतो. १९८६ च्या करारानुसार तिथे मोठी धरणे झाली आणि डोंगरातले पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या बाजूला जाते. त्याचे पैसे देशाच्या तिजोरीत येतात. ज्यांची शेते, कुरणे आणि रानभाज्या धरणात गेल्या त्या बायांपर्यंत त्यातले किती पोचते, हा वेगळा प्रश्न. पण निदान पाण्याला किंमत आहे, एवढे तरी तिथे मान्य झाले. आपण नागपूरकर जे पाणी पितो ते पेंचचे. पेंच सातपुड्यातून येते. तोतलाडोहच्या धरणासाठी आणि पुढे राष्ट्रीय उद्यानासाठी ज्यांचे जगणे हलले ती बहुतेक आदिवासी माणसे होती. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या बिलात त्यांचा वाटा कोणी धरला आहे का?

आता मेळघाटात परत येऊ. लेसोथोत पुरुष गेले आणि बाया मागे राहिल्या. मेळघाटात पुष्कळदा दोघेही जातात, तान्हे मूलही बरोबर जाते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे, त्यांतही थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळायला. ठेकेदाराशी बोलणी पुरुष करतो. उचल पुरुष घेतो. मराठवाड्यातल्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो, हे आपल्याला माहीत आहे. दोन माणसे राबतात, हिशेबात एक असते आणि त्या एकाचे नाव पुरुषाचे असते. सोंगणीत आणि वीटभट्टीवरही मी बहुतेक ठिकाणी हेच पाहिले. हिशेबाच्या दिवशी बाई बंडीजवळ गाठोडी बांधत असते आणि पैसे मोजून घेणारा तिकडे झाडाखाली असतो.

राहिली जंगलातली कमाई. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे अंधारात बाया आणि मुली झाडाखाली जातात, कारण ऊन चढले की जनावरे फुले खातात. वाकून एकेक फूल वेचायचे, टोपली घरी आणायची, वाळवायची, राखायची. केंद्र सरकारने २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलांचा आधारभाव किलोला ३० रुपये केला. पण गरजेच्या वेळी दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला हा भाव बांधील नसतो. बाई तेल-मिठासाठी पायलीने मोह देते आणि जून-जुलैत घरात काही नसले की तोच मोह जास्त भावाने विकत घेते. मग मे महिन्यात तेंदू. पहाटे पाने तोडायची, दुपारी घरभर बसून पुडे बांधायचे, सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी पुडे घेऊन खरेदीच्या जागी रांगेत उभे राहायचे. मोजणी होते, नाव लिहिले जाते. कोणाचे? कुटुंबप्रमुखाचे.

आता एक गणित करू. समजा एक बाई मोहाच्या हंगामात वीस दिवस रोज चार तास वेचते. वाळवण्या-राखण्याचे सोडून देऊ. झाले ८० तास, म्हणजे आठ तासांचे दहा दिवस. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने तिच्या कामाची मजुरी झाली ३,१२० रुपये. आता तिला विचारा, त्या वीस दिवसांच्या मोहाचे हाती किती आले. फरक किती ते तुम्हीच काढा. तो फरक तिने व्यापाऱ्याला फुकट दिला. आणि ही मजुरीसुद्धा मी किमान धरली आहे.

हे झाले विकण्याच्या वस्तूंचे. पाणी भरणे, लाकूडफाटा, दळण, रानभाजी, मुले, आजारी माणसे, यांचे काय? भारत सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीत असे आढळले, की घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा देशभराचा आकडा आहे. जिथे नळ नाही आणि सरपण दोन टेकड्या ओलांडून आणायचे, तिथे तो किती असेल याचा विचार करा. न्यूझीलंडच्या मेरिलिन वेरिंग यांनी १९८८ मध्येच हा प्रश्न जगापुढे मांडला, की बाईचे काम राष्ट्रीय उत्पन्नात का मोजत नाही. त्याच वर्षी आपल्याकडे इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला. आज इतक्या वर्षांनी मी एका कोरकू बाईपुढे ‘घरकाम’ लिहून मोकळी झाले होते. अहवाल आपण वाचतो, पण लिहिताना हात जुन्या वळणानेच चालतो.

काही जणींच्या मनात येईल, मोजून काय होणार? मोजले नाही तर काय होते ते सांगते. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न महाराष्ट्रभर गाजला. उच्च न्यायालयात याचिका झाल्या. तेव्हापासून नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की मेळघाटावर चर्चा होते. आणि त्या चर्चेत, अधिकाऱ्यांच्या बैठकांत, कधी कधी आपल्याही तोंडून एक वाक्य हमखास येते: ‘तिथल्या आया अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत, दवाखान्यात येत नाहीत.’ जी बाई सातव्या महिन्यात हरभरा सोंगत असते, बाळंतपणानंतर महिन्याभरात पुन्हा कामाला जाते, पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असताना निंदणीला उभी असते, तिच्या दिवसात मुलाला चार वेळा भरवायला वेळ कुठून येणार? हा प्रश्न ज्ञानाचा जेवढा आहे, त्याहून वेळेचा, अन्नाचा आणि मजुरीचा जास्त आहे. तिचे काम कागदावर नसते. म्हणून ती रिकामी बसलेली दिसते. आणि रिकामी बसलेली बाई मुलाकडे लक्ष देत नाही म्हणून तिला दोष देता येतो.

मग हाती काय आहे? कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दोन गोष्टी दिल्या. पहिली, पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावाने संयुक्त व्हायला हवा. एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या नावाने. हे कायद्यात स्वच्छ लिहिले आहे, कोणी मेहेरबानी करत नाही. दुसरी, गौण वनोपज, म्हणजे बांबू, तेंदू, मोह, मध, डिंक, यांवर गावाची मालकी आणि ते विकण्याचा अधिकार. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्यासाठी वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. आपल्याच मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीरने सामूहिक हक्काच्या जंगलातले सीताफळ स्वतः बाजारात आणले. डोंगरावरच्या गावाने भाव ठरवायला बसणे, ही साधी गोष्ट नाही. लेसोथोलासुद्धा आपल्या मजुरीचा आणि आपल्या कापडाचा भाव ठरवता आला नाही.

पण मैत्रिणींनो, इथे सावध राहू या. ठेकेदाराच्या वहीतून नाव ग्रामसभेच्या वहीत आले आणि तिथेही ते पुरुषाचेच राहिले, तर बाईच्या दृष्टीने फक्त वही बदलली. नियम सांगतो, की वनहक्कासाठीच्या ग्रामसभेत निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. तो पाळला जातो का? की सभा झाल्यावर वही घरोघर फिरते आणि बाया चुलीजवळून अंगठा देतात? हे तपासायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून या शिबिरातून परत जाताना तीन कामे घेऊन जाऊ, अशी माझी सूचना आहे.

पहिले काम कागदाचे. आपल्या हाताने भरला जाणारा एकही अर्ज, एकही पाहणीचा तक्ता बाईच्या नावावाचून जाऊ द्यायचा नाही. व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ हा शब्द लिहायचा नाही. ती जे करते ते लिहायचे: शेती, मोह वेचणी, तेंदू, गुरे, मजुरी. जागा पुरली नाही तर मागच्या पानावर लिहायचे. जे पट्टे एकट्या पुरुषाच्या नावाने झाले आहेत त्यांची गावनिहाय यादी करायची आणि बायकोचे नाव लावण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून अर्ज पाठवायचे.

दुसरे काम हिशेबाचे. प्रत्येक गटाने एक वही ठेवायची आणि एक वर्ष चार रकाने भरायचे. महिना कोणता, काम कोणते, केले कोणी, पैसा कोणाच्या हातात पडला. लिहिता येत नसेल तिथे चित्रे काढा, मोहाच्या बिया मांडा. आमच्या एका गटात बायांनी बियाच मांडल्या होत्या. कामाच्या रकान्यात बायांचा ढीग मोठा आणि पैशाच्या रकान्यात तीन-चार बिया. कोणी काही बोलेना. मग एक म्हातारी हसली आणि म्हणाली, “हे तर मला पहिल्यापासून माहीत होतं, दिसत नव्हतं तेवढंच.” वर्षभराची अशी वही घेऊन आपण तहसीलदारापुढे, ग्रामसभेपुढे, हिवाळी अधिवेशनाच्या वेळी मोर्चात उभ्या राहिलो, तर आपल्याला ‘अडाणी आया’ म्हणणे एवढे सोपे राहणार नाही.

तिसरे काम स्थलांतराचे. गावातून कामाला निघणाऱ्या प्रत्येकाची नोंद ग्रामसभेत व्हावी आणि जोडप्याची नोंद दोन मजूर म्हणून व्हावी, दोन नावांनी, दोन मजुऱ्यांनी. जिथे त्या जातात तिथल्या संघटनांना आपण आधी कळवावे. अमरावतीच्या, अकोल्याच्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत. मेळघाटाच्या बाया तुमच्या शेतशिवारात येतात तेव्हा त्या तुमच्या गावच्या असतात, असे समजा. तिथल्या अंगणवाडीत त्यांच्या मुलांना ताट मिळाले पाहिजे, हे काम तुमचे.

डोंगर गरीब आहे, असे मी आता म्हणत नाही. खाली जे सागाचे दरवाजे आहेत, विड्या आहेत, विटांची घरे आहेत, नळाचे पाणी आहे, सोंगलेला हरभरा आहे, त्यात डोंगर आहे. तो दिसत नाही एवढेच. आणि डोंगराच्या आत ती बाई आहे, तीही दिसत नाही. एकीचा हिशेब मांडल्याशिवाय दुसऱ्याचा लागणार नाही.

त्या बाईचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिच्यासाठी ग्रामसभेने ठराव केला. ठरावाच्या दिवशी तिने उभे राहून, आपण कोणत्या साली कोणता बांध घातला ते सगळ्यांसमोर सांगितले. ज्या आठवणी मी चुलीजवळून ऐकल्या आणि नवऱ्याच्या नावावर लिहिल्या, त्याच. ठराव आणि अर्ज वरच्या कचेरीत गेले आहेत. अजून निकाल नाही. आम्ही दर महिन्याला जाऊन विचारतो. ती स्वतः येते, मजुरी बुडवून येते. मागच्या खेपेला मी तिला म्हटले, “तू येऊ नकोस, मी विचारते.” तर म्हणाली, “नको. मी नसली की तू विसरतेस.”

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्यासाठी होते. तुम्हालाही ते उपयोगी पडेल म्हणून सांगितले.

आता मला तुमच्या गावांचे हिशेब ऐकायचे आहेत.